वीस मिलिग्रॅम

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलची. सध्या मुंबईत एका प्रयोगशाळेत पीएचडी करतेय, विषय कॅन्सर आणि प्रतिकारशक्ती. आज इम्युनोथेरपीवर बोलायचंय, पण सुरुवात खर्र्यापासून करावी लागेल. आपल्याकडचं कुणी ऐकत असेल तर आत्ता हसलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, झाला खर्रा. चंद्रपूर-गडचिरोलीत लग्नाच्या मांडवापासून धानाच्या बांधीपर्यंत कुठेही मिळतो. पाहुण्याला आधी खर्रा, मग चहा.

गेल्या दिवाळीत मी घरी गेले नाही. कारण पेशी. आमच्याकडे माणसाच्या रक्तातल्या टी-पेशी वाढवतात, ३७ अंशांवर, गुलाबी द्रवात. द्रव पिवळा पडला की बदलायचा. त्यांना रविवार कळत नाही, दिवाळी तर नाहीच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाटली उजेडात धरली तर द्रव गढूळ. बुरशी! तीन आठवड्यांची मेहनत ब्लीच ओतून टाकून दिली. रडू येत होतं, तेवढ्यात मामाचा फोन.

"तोंड उघडत नाही वं आजकाल. तिखट तर जीभेले लावूच देत नाही. तू कॅन्सरवरच शिकतेस ना? तुह्या लॅबमंधी आहे का काही औषध?"

मी गप्प. आमच्या लॅबमध्ये औषध नसतं हो, प्रश्न असतात. आणि ते मामाला कसं सांगणार?

पण औषध जगात आहे. ते कसं चालतं ते आपल्या भाषेत सांगते. जंगलातला वनविभागाचा नाका डोळ्यांसमोर आणा. टी-पेशी म्हणजे नाक्यावरचा वनरक्षक. लाकडाची गाडी आली की पास मागतो. शरीरातल्या चांगल्या पेशींकडे असा पास असतो, कॅन्सर तोच पास दाखवून निघून जातो. पास घेणारा जो हात, त्याचं नाव पीडी-१. १९९२ मध्ये जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला, पुढे २०१८ मध्ये जेम्स ॲलिसन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. निवोलुमॅब हे औषध त्या हातावरच जाऊन बसतं. पास घेताच येत नाही, मग वनरक्षकाला गाडी उघडून बघावीच लागते.

छान ना? आता किंमत. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि खर्च लाखांत. आपल्यासारख्या देशांत शंभरातल्या एक ते तीन रुग्णांनाच तो परवडतो. धान विकून मुलांच्या फिया भरणाऱ्या घरात तो आकडा ऐकून लोक रिपोर्टची पिशवी उचलतात आणि परत जातात.

इथे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: कमीत कमी किती पुरेल? या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं की थोड्या डोसमध्येही पीडी-१ चे बहुतेक हात झाकले जातात. म्हणून त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. हिशेब केला तर नेहमीच्या जेमतेम सहा टक्के! सोबत रोजच्या उपचारातल्या स्वस्त गोळ्या. १५१ रुग्ण, सगळे डोक्या-मानेच्या कॅन्सरचे, आजार पसरलेला किंवा उलटलेला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर शंभरातले साधारण १६ जिवंत होते. २० मिलिग्रॅमची जोड दिली तिथे ४३. हा अभ्यास २०२२ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त आला.

मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतलं हे माझं सगळ्यात आवडतं संशोधन. यात नवीन रेणू नाही, चकचकीत यंत्र नाही. आणि आपलंच औषध कमी विका म्हणून कुठली कंपनी अभ्यास करेल? पण ४३ म्हणजे ५७ गेले, हेही तितकंच खरं. हा आजार बरा करण्याचा उपाय नाही, आयुष्य वाढवण्याचा आहे.

अजून एक. व्हॉट्सॲपवर आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी उपचाराचे मेसेज फिरतात. ते खरं आहे, नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पण ते काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, तोंडाच्या नाही. माझ्या मावशीने तोच मेसेज मामाला चार वेळा पाठवला होता.

तर मामाला मी फोनवरच म्हटलं, तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाल. बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "दोनच गेले."

दुसऱ्याच आठवड्यात मी मूलला. नवीन पेशी मैत्रिणीच्या हवाली केल्या, तिने रोज फोटो पाठवले. चंद्रपूरला डॉक्टरांनी गालाच्या आतला तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, त्या आठ दिवसांत मामी माझ्याशी धड बोलली नाही, जणू रिपोर्ट मीच लिहिणार होते. कॅन्सर नव्हता. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ झाली होती, ती पूर्ववत होणं कठीण आहे, आणि दर काही महिन्यांनी दाखवावं लागेल.

मामा आता बडीशेप चघळतो. खर्रा सोडून तीन महिने झाले म्हणतो. मामी म्हणते, अकरा दिवस.