जाम झालेलं झाकण

जुन्नर-आंबेगावकडे एखाद्या वाड्याच्या पडवीत, नाहीतर कांद्याच्या चाळीशेजारी, ताडपत्रीखाली जुनी जीप किंवा अँबॅसडर उभी असते. घरातल्या कुणालातरी ती पुन्हा सुरू करायची हौस येते. मिस्त्रीला बोलावणं जातं. बॅटरी जोडण्याआधी ऑइल बघू, असं तो म्हणतो आणि काम तिथंच अडतं. ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण जागचं हलत नाही.

मग पाईप पाना बाहेर निघतो, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. जुन्या गाड्यांची ही झाकणं बहुधा पातळ पत्र्याची असतात. पान्याच्या दातांत पत्रा चेपतो, झाकणाचा गोल मोडतो आणि ते आधीपेक्षा घट्ट बसतं. छिन्नी-हातोडी लावली तर पत्र्याचा कपटा किंवा पॅकिंगचा तुकडा थेट इंजिनात पडतो. ॲल्युमिनिअमचा किंवा पितळेचा तुकडा असेल, तर तो चुंबकालाही लागत नाही.

झाकण अडकण्याची कारणं साधी आहेत. आतलं रबरी पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होऊन धातूला चिकटतं. ऑइलची वाफ झाकणाच्या कडेला साचते आणि भाजून तिचा चिकट थर बनतो. त्यात गंजाची भर पडते. आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात हवेत इतका ओलावा असतो, की उभ्या गाडीचा उघडा पत्रा गंजातून सुटत नाही. बेल्ह्याकडच्या कोरड्या भागात गंज कमी धरतो. तिथं ऑइलवर बसलेली धूळच कडेच्या फटीत घट्ट होते.

हात लावण्याआधी झाकण कोणत्या जातीचं आहे ते पाहावं. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन मूळचं ब्रिटिश. त्याचं झाकण टॅपेट कव्हरवर असतं. त्याला आटे नसतात, दोन कान असतात. थोडं दाबून पाव फेरा दिला की ते सुटतं. हे ठाऊक नसलेला माणूस त्याला बाटलीच्या बुचासारखं फिरवत बसतो. विलिस जीपच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची तऱ्हा वेगळी. तिथं ऑइल भरायची उभी नळी असते आणि ऑइल मोजायची पट्टी झाकणालाच जोडलेली असते. म्हणजे झाकण अडकलं, की आत ऑइल किती आहे हेही कळत नाही. शिवाय जास्त जोर दिला, तर झाकणाऐवजी नळीच पिळली जाण्याची भीती.

पहिलं काम सफाईचं. ब्रश आणि रॉकेलच्या चिंधीनं भोवतालची माती काढायची, नाहीतर झाकण उघडताच ती आत जाते. मग कडेनं गंज सोडवणारं तेल थेंबथेंब सोडून गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी लाकडी ठोकळ्यानं झाकणाच्या कडेवर चहूबाजूंनी हलके ठोके द्यायचे, म्हणजे गंजाची पकड तुटते. त्यानंतर रबरी हातमोजा किंवा पट्टा पाना घेऊन आधी किंचित आवळायच्या दिशेनं आणि मग उलट, असं पुढे-मागे करत सोडवायचं.

तरीही हललं नाही, तर उष्णता. पण जाळ नको. आत ऑइलची वाफ असते आणि शेजारी पेट्रोलची नळी. उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पुरतं. ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून बाहेरचा भाग ॲल्युमिनिअमचा आणि आतला पोलादी असेल, तर गरम केल्यावर पकड सैल होते. बाहेर पोलाद आणि आत ॲल्युमिनिअम असेल, तर शेकल्यानं ते उलट घट्ट होतं. अशा वेळी इंजिन पूर्ण थंड असताना प्रयत्न करावा.

अँबॅसडरच्या बाबतीत एक सोपी वाटही आहे. टॅपेट कव्हर दोन नटांवर बसलेलं असतं. झाकणाशी झटापट करण्यापेक्षा कव्हरच उतरवून बाकावर घ्यावं. काही तुटलं, तरी ते इंजिनात पडत नाही. कव्हरखालचं बुचाचं पॅकिंग मात्र नवं आणून ठेवावं.

मूळचं झाकण जपण्याला आता आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावं लागतं. आपल्याकडे कितीतरी जीपांची पेट्रोल इंजिनं काढून डिझेलची बसवली गेली. त्यामुळे जुन्या इंजिनासकट राहिलेल्या जीपचे बारीकसारीक भागही सांभाळण्याजोगे.

झाकण निघालं, की लगेच पुसून टाकू नये; आधी उलटं करून पाहावं. काळा चिकट थर म्हणजे ऑइल बदलायला फार उशीर झाला. दुधाच्या सायीसारखा पांढरट थर म्हणजे आत पाणी गेलं. गाडी नुसती अंगणात सुरू करून बंद केली जात असेल, तर ते हवेतल्या वाफेचं पाणी असू शकतं. ऑइल बदलून, इंजिन चांगलं तापेल इतकी, मंचरपासून नारायणगावपर्यंत गाडी चालवावी. तोच थर पुन्हा दिसला आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासायला हवं.