प्राणवायू वाहणारी विश्वस्त पेशी
(रक्तदान शिबिरप्रसंगीचे मनोगत)



तांबडी रक्तपेशी सुमारे 120 दिवस देहभर प्राणवायू वाहते, परंतु स्वतःच्या ऊर्जेसाठी त्यातील कणभरही वापरीत नाही. ट्रस्टच्या निधीला हात न लावणारा विश्वस्तच जणू! इतर पेशींतील ऊर्जाघरे, म्हणजे मायटोकाँड्रिया, तिच्यात नसतातच. ती ग्लुकोजचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करते. एका रेणूमागे एटीपीचे चार रेणू हाती येतात; पैकी दोन आधी गुंतविलेले भांडवल, निव्वळ मिळकत दोनच. आम्हा कापडवाल्यांना हा हिशेब ओळखीचा! तेवढ्यावर ती जादा सोडियम बाहेर टाकते, आकार व लवचीकपणा राखते.

पिशवीतही हाच व्यवहार चालतो. म्हणून तीत डेक्स्ट्रोज घालतात. तरी एटीपी घटते, आम्ल साचते, आणि द्रावणानुसार या पेशी 35 किंवा 42 दिवसच वापरता येतात. मग महावीर जयंतीचा एकदिवसीय संचय पर्युषणापर्यंत कसा पुरावा? शिबिर वर्षातून चार वेळा विभागून घ्यावे, ही माझी विनंती. पुरुषांस 90 दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. वयाची मर्यादा 65. माझी दोन वर्षे शिल्लक आहेत, तेवढी नावे आजच लिहून घ्यावीत.