स्वभावाची कसोटी

‘स्वभावाला औषध नाहीं’ असें आपण सहज म्हणून जातों. परंतु औषधाच्या आधीं निदान लागतें. आणि तें निदान छापील प्रश्नांच्या एका कागदावर होऊं शकेल, हा विश्वास गेल्या शंभर वर्षांत बराच दृढ झाला आहे. माणसांचे प्रकार पाडण्याची हौस तशी जुनीच. वात, पित्त व कफ या प्रकृति आपल्या परिचयाच्या आहेत. नवें आहे तें एवढेंच कीं, आतां वैद्य नाडी पाहत नाहीं; ज्याचा जबाब त्यानेंच लिहावयाचा असतो.

ही पद्धति युद्धाच्या निकडींतून निघाली. तोफांच्या भडिमारांत मनानें खचण्याचा संभव असलेले सैनिक आगाऊ ओळखतां यावेत म्हणून १९१७ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट वुडवर्थ यांनीं ‘होय-नाहीं’ उत्तरांची एक प्रश्नावली रचण्यास घेतली. पुढें १९२१ सालीं स्वित्झर्लंडचे कार्ल युंग यांनीं अंतर्मुख व बहिर्मुख असे दोन कल वर्णिले, आणि त्यांच्या विचारांच्या आधारें कॅथरिन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनीं सोळा प्रकारांची सुप्रसिद्ध कसोटी सिद्ध केली.

परंतु हे दोन्ही कल प्रत्येक माणसांत असतात, असें स्वतः युंग मानीत. कसोटी मात्र मध्यें एक रेघ मारते. समजा, साडेपांच फुटांवर रेघ मारून आपण वरच्यांस ‘उंच’ आणि खालच्यांस ‘ठेंगणे’ ठरविलें, तर अर्ध्या बोटाच्या फरकानें दोघे सख्खे भाऊ निरनिराळ्या गटांत जातील. स्वभावाचेंही असेंच आहे. तीच प्रश्नावली कांहीं आठवड्यांनीं पुन्हां सोडविली असतां पुष्कळांचा ‘प्रकार’ पालटलेला आढळतो. स्वभाव पालटलेला नसतो. माणूस रेघेजवळ उभा असतो, इतकेंच. म्हणून आजचे बहुतेक संशोधक प्रकार पाडण्याऐवजीं निरनिराळे गुणविशेष कमीअधिक प्रमाणांत मोजणें पसंत करतात.

‘पण माझें वर्णन तर तंतोतंत जुळलें!’ असें कोणी म्हणेल. त्यानें बर्ट्रम फोरर या अमेरिकन अध्यापकांचा १९४८ सालचा प्रयोग ध्यानांत घ्यावा. त्यांनीं ३९ विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन प्रत्येकाला त्याचें स्वभाववर्णन दिलें, व तें कितपत पटतें याला पांचपैकीं गुण मागितले. सरासरी ४.२६ पडली. मग उघड झालें कीं, सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि तो ज्योतिषाच्या एका पुस्तकावरून जुळविलेला होता! बाहेरून धीराचा, पण आंतून कधीं कधीं साशंक, असें वर्णन कोणाला लागू पडणार नाहीं?

मग कसोटी टाकूनच द्यावी काय? तसें नाहीं. तिचें मोल निकालांत कमी आणि प्रश्नांत अधिक आहे. उत्तर देतांना आपण कसे असावें हें लिहूं नये. गेल्या महिन्यांत प्रत्यक्ष कसे वागलों तें आठवून लिहावें. तोच कागद आपल्याविषयीं पत्नीला, भावाला किंवा जुन्या स्नेह्याला भरावयास द्यावा. जेथें दोघांचीं उत्तरें जुळत नाहींत, तेथेंच आत्मपरीक्षणाचा खरा आरंभ होतो.

एक सावधगिरी मात्र घरोघरीं बाळगली पाहिजे. बारा वर्षांची मुलगी ‘अंतर्मुख’ निघाली म्हणून तिला सभेंत बोलावयास पाठवूं नये, किंवा मुलगा ‘व्यवहारी’ ठरला म्हणून त्याच्या हातांतील कवितेचें पुस्तक काढून घ्यावें, असे निर्णय या कागदावरून होऊं लागले तर कसोटीचा कौल झाला. मूल घडत असतें. आणि आपण त्याला जें नांव वारंवार देतों, तसेंच तें स्वतःला समजूं लागतें. कागद आजचा कल दाखवील. उद्यांचें दार उघडें ठेवणें हें आपलेंच काम आहे.