फुरशाच्या विषातील जस्त



ही व्याख्यानमाला संपली की आपल्यापैकी बरीच मंडळी कोकणची वाट धरतील. आमची आजी कातळसड्यावरचा दगड उलटू देत नसे. खाली ‘जनावर’ असेल, म्हणे. रात्री तर ती त्याचे नावही घेत नसे. ते जनावर म्हणजे फुरसे. हातभर लांबीचे, पण अंगावरचे खवले एकमेकांवर घासून तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज काढणारे.

नाग चावला तर माणसाच्या पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. फुरशाची रीत निराळी. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते, आणि रक्त थांबता थांबत नाही. असे का व्हावे, हे समजण्यासाठी थोडे स्वयंपाकघरात जाऊ.

हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजवली तर फुगते, पण तिच्यातील प्रथिने तुटत नाहीत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिच्या दोन कड्यांमधील सांध्याला पेप्टाइड बंध म्हणतात. पाण्याने हा बंध तुटू शकतो, नव्हे, तुटतोच. परंतु किती वेळात? साध्या पाण्यात, २५ अंश उष्णतेवर, असे निम्मे बंध तुटायला सुमारे ३५० ते ६०० वर्षे लागतात, असे मोजमाप १९९६ साली प्रसिद्ध झाले. ज्ञानेश्वरांच्या काळी भिजत घातलेली डाळ आजही पुरती विरघळली नसती! आपण पाण्याने भरलेले देह घेऊन वावरतो आणि तरी विरघळून जात नाही, ते या चिवटपणामुळेच.

आता जस्ताकडे वळू. बादलीला ज्याचा मुलामा देतात तेच हे जस्त. त्याच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन गेले की तो धनभारित आयन होतो. हा आयन दोन कामे करतो. एक, तो पाण्याचा रेणू धरून ठेवतो आणि त्यातला एक प्रोटॉन सुटणे सोपे करतो; मागे उरतो तो हल्ल्याला सिद्ध असा हायड्रॉक्साइड. दोन, बंधातील ऑक्सिजनला तो आपल्याकडे ओढतो. त्यामुळे शेजारचा कार्बन उघडा पडतो. शतकांचे काम मग सेकंदाच्या अंशात उरकते.

मात्र घरी जाऊन डाळीत जस्ताचे मीठ घालू नका. डाळ पचणार नाही, पोट मात्र बिघडेल. जस्ताला नेमके आसन हवे. तसे आसन असलेल्या प्रथिनाला एन्झाइम म्हणतात. आपल्या स्वादुपिंडातून येणाऱ्या कार्बॉक्सिपेप्टिडेजमध्ये जस्त असल्याचे व्हॅली आणि न्यूराथ यांनी १९५४ मध्ये दाखवले. सर्वच पाचक एन्झाइमांना धातू लागतो असे नाही. पेप्सिन आणि ट्रिप्सिन त्यावाचूनच काम करतात.

फुरशाच्या विषातही जस्ताचे एन्झाइम आहेत. त्यांतील काही केशवाहिन्यांभोवतीच्या अस्तराचे बंध तोडतात. वाहिनी झिरपू लागते. ‘एकॅरिन’ नावाचे दुसरे एन्झाइम रक्तातील प्रोथ्रॉम्बिन कापून गोठण्याची क्रिया अवेळी सुरू करते. गोठवणारे घटक त्यात संपून जातात, आणि मग खरी गरज असते तेव्हा रक्त गोठत नाही. जे आपल्या आतड्यात जेवण पचवते, त्याच जातीचे रसायन येथे माणसाला आतून पचवू लागते.

म्हणूनच दंशावर चीर देणे हा शुद्ध घातकीपणा आहे. न गोठणाऱ्या रक्ताला आपण आणखी एक दार उघडून देतो. आवळपट्टीही नको. तो अवयव हलू न देता रुग्णालय गाठावे. तेथे डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे स्थिर ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त वाहिले, तर प्रतिविष द्यायचे. घोड्याच्या रक्तातून मिळणारे हे प्रतिविष आपल्या परळच्या हाफकिनमध्ये अनेक दशके तयार झाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर ते एकच चालते.

अलीकडे कोणी विचारले, की सगळी करामत जस्ताची, तर जस्तच काढून घेतले तर? जड धातूंच्या विषबाधेवर वापरले जाणारे एक जुने औषध, डीएमपीएस, धातूला घट्ट पकडते. पश्चिम आफ्रिकेतील फुरशाच्या विषापासून त्याने उंदरांना वाचवल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ते तोंडाने घेता येते, म्हणजे सड्यावरून दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर देता येईल, अशी आशा आहे. माणसांवरील उपचार म्हणून ते अजून सिद्ध व्हायचे आहे. तोवर प्रतिविषाच्या कुपीपर्यंत वेळेत पोचणे हाच उपाय.