करुणेला प्रज्ञेची जोड हवी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस त्रिवार वंदन करून आम्ही बोलायला उभे आहोत. मंडळाने विषय दिला ‘करुणा’. या विषयावर याच जागेवरून मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही पडलो गिरणीतली माणसे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, चाळीच्या दिव्याखाली. म्हणून ग्रंथातली करुणा थोडी बाजूला ठेवतो आणि चिंगीची हकिकत सांगतो.

चिंगीला तुम्ही सगळे ओळखता. विहाराच्या पायरीशी बसते ती पांढरी, लहानखुरी कुत्री. वंदना चालू असताना चकार शब्द काढत नाही, पण खीरदान सुरू झाले की बरोबर पुढे येते! २०२२ च्या जुलैमध्ये ती पाण्याच्या टाकीमागे पोरांना सापडली. भिजलेली, अंगावर गोचिड्या, आणि मागचा उजवा पाय वर उचललेला. वजन जेमतेम चार किलो. कुणीतरी पाळलेली आणि मग टाकून दिलेली असावी, कारण माणसाला ती घाबरत होती पण घरात शिरायची तिला सवय होती.

पहिले दोन दिवस आम्ही काय केले? कुणी टाकली, कुणी मारली, कुठल्या सोसायटीतली, यावरच वाद घातला. तेव्हा आम्हाला तथागतांनी मालुंक्यपुत्ताला दिलेला दृष्टांत आठवला. एकाला विषारी बाण लागला आहे. तो म्हणतो, बाण कुणी मारला, त्याचे गाव कोणते, धनुष्य कसले, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. असा माणूस उत्तर मिळण्याआधीच मरेल. आम्हीही तेच करत होतो.

आणि दुसरी चूक त्याहून मोठी. ती रात्री कण्हायची. आमच्या मनगटासाठी घरात दुखण्याच्या गोळ्या असतात. त्यातली अर्धी गोळी आम्ही दयेपोटी दुधातून तिला दिली, दुसऱ्या दिवशी परत दिली. तिला उलट्या सुरू झाल्या आणि शी डांबरासारखी काळी झाली. म्हणजे पोटात रक्तस्राव. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन म्हणा, डायक्लोफेनॅक म्हणा, कुत्र्याला विषासारख्या बाधतात, हे आम्हाला माहीत नव्हते. ती वाचली. पण आमची करुणा तिला मारायला निघाली होती, हे भर सभेत कबूल करतो.

मग तिला टॅक्सीत घालून परळला नेले. आपण ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो, ते बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे. सर दिनशा पेटिट हे मुंबईतले मोठे गिरणीमालक, साकरबाई त्यांच्या पत्नी. १८८६ साली पशुवैद्यक कॉलेजही तिथेच सुरू झाले. आयुष्यभर त्या रस्त्याने पाळीला गेलो, पण आत पाऊल टाकले ते चिंगीमुळे.

एक्स-रे निघाला. मांडीचे हाड फार पूर्वी मोडलेले. कुणी बांधले नाही, म्हणून दोन टोके एकमेकांवर चढून तशीच जुळली होती. पाय आखूड आणि वाकडा. खुब्याचा सांधाही झिजलेला. दोन बरगड्यांवर जुन्या मोडीच्या गाठी. डॉक्टरांनी चार वाटा सांगितल्या. एक, हाड पुन्हा कापून पट्टी बसवून सरळ करायचे; पण आखडलेले स्नायू लगेच ताणत नाहीत आणि पुढे कित्येक आठवडे तिला कोंडून ठेवावे लागेल. दोन, खुब्याच्या हाडाची गोळी कापून काढायची. अंगाने लहान कुत्र्यांना हे चांगले मानवते. तीन, पायच काढायचा. कुत्रे तीन पायांवरही चांगले फिरते. चार, कापाकापी न करता औषध, व्यायाम आणि वजनावर ताबा.

वस्तीत दोन तट पडले. तरुण पोरांनी अकरा हजार रुपये जमवले आणि म्हणाली, “काका, पाय सरळच करायचा.” महिला मंडळातल्या एक आजी तिथेच कडाडल्या, “माणसाला औषध मिळंना आन् कुत्रीला आपरेशन! माझ्या गुडघ्याचं कोण बघतंय?” पोरे हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. सहा वर्षे त्या भिंत धरून जिना चढत होत्या आणि आम्ही रोज त्यांना जयभीम करून पुढे जात होतो.

अशा वेळी निर्णय कसा घ्यायचा? आपली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करायला सांगते. पण पाय कापायचा की ठेवायचा, हे प्रतिज्ञा सांगत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांतला फरक दाखवला आहे. नियम तुम्हाला बांधून टाकतो, तत्त्व तुम्हाला विचार करायला मोकळीक देते. करुणा हे तत्त्व आहे. विचार आपणच करायचा.

आमचे मनगट साच्यावर काम करताना मोडले होते, तेही वाकडेच बसले. पुढे एका डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवून विचारले, “दुखतं कधी? काय करता येत नाही?” तोच प्रश्न चिंगीला विचारायला हवा होता. पाय वाकडा दिसतो हे दुःख आपले. तिचे दुःख कोणते?

ती बोलत नाही, म्हणून वही घातली. पोट बरे झाल्यावर आणि मूत्रपिंड-यकृताची रक्ततपासणी झाल्यावर डॉक्टरांनी कुत्र्याचेच औषध, वजनाप्रमाणे मोजून, खाण्यानंतर द्यायला सांगितले. आम्ही रोज लिहायचो: पाय टेकला का, पायरी चढली का, खुब्याला हात लावल्यावर गुरगुरली का, पाय चाटत बसली का, रात्री झोपली का. दहाव्या दिवशी तिने पाय टेकला. तिसऱ्या आठवड्यात शेपूट हलवत तीन पायऱ्या चढली. म्हणजे तिला अडवत होती ती वेदना, वाकडेपणा नव्हे. आणि वेदना औषधाला दाद देत होती.

मग सर्वांनी बसून ठरवले की ऑपरेशन आता नको. गुळगुळीत लादीवर गोणपाट अंथरायचे. रोज थोडे थोडे, पण नेमाने चालवायचे, म्हणजे मांडीचा स्नायू भरेल. वजन वाढू द्यायचे नाही. आणि औषध असूनही पाय टेकेनासा झाला, तर खुब्याच्या ऑपरेशनचा विचार पुन्हा करायचा. हेही वहीत लिहिले, म्हणजे आळसाला करुणेचे नाव देता येणार नाही. पोरे नाराज झाली. एक जण तर आजही म्हणतो, पाय सरळ करायला हवा होता. त्याचे मन आम्ही समजतो.

अकरा हजारांचा हिशेब फळ्यावर लावला. उरलेल्या पैशांतून गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतली. आणि आजींना आम्ही हॉस्पिटलात घेऊन गेलो. त्यांच्या गुडघ्यालाही तूर्त ऑपरेशन नको, व्यायाम आणि औषध द्या, असेच डॉक्टर म्हणाले. आजी अजून कुरकुरतात, “कुत्रीमुळं माझा नंबर लागला!” खरे आहे. त्याची लाज आम्हालाच वाटली पाहिजे.

सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या अशा दोन्ही उपचारांची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. एकाच लेखात दोन्ही. माणूस आधी की जनावर आधी, असा तंटा त्यात नाही. दुःख दिसले की त्याच्याजवळ बसायचे, ते नीट बघायचे, जाणत्याला विचारायचे आणि मगच हात घालायचा. प्रज्ञेशिवायच्या करुणेने काय होते, ते आम्ही अर्ध्या गोळीत पाहिले.

चिंगी लंगडते. पावसाळ्यात जास्त लंगडते. वही अजून चालू आहे. तेव्हा जाताना एकच विनंती: आज खीरदानाच्या वेळी ती पुढे येईल, लाडाने बघेल. तिला खीर देऊ नका. डोक्यावरून हात फिरवा, पण उजव्या खुब्याला जपून.

नमो बुद्धाय! जयभीम!