पंपावरचे पेट्रोल आणि इंजिनाचे घोडे



या व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, इतिहास झाला, आरमार झाले. मग आज गॅरेजातला विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्याला मी दोष देणार नाही. पण आपल्या घरातील पोरगा महिन्याची कमाई मोटारसायकलीच्या इंजिनात ओततो, "हेड घासून घेतले, सायलेन्सर बदलला, आता दहा घोडे वाढले," असे अभिमानाने सांगतो, आणि त्याच इंजिनावर मागे बहिणीला बसवून फोंडा घाट चढू लागतो. तेव्हा तो विषय गॅरेजात राहत नाही, घरात येतो. म्हणून पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलावर, हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या मदतीवाचून, रस्त्यावरचे इंजिन किती ताकदवान बांधता येते आणि कशाच्या बळावर, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम 'घोडा' म्हणजे काय ते ठरवू. पंच्याहत्तर किलो वजनाचा माणूस एका सेकंदात एक मीटर वर उचलला, की एक अश्वशक्ती खर्च झाली. इंजिनाच्या बाबतीत हा हिशेब दोन गोष्टींचा गुणाकार असतो. एक, प्रत्येक फेऱ्यामागचा फिरवण्याचा जोर, ज्याला आपण टॉर्क म्हणतो. आणि दुसरी, मिनिटाला होणारे फेरे. जोर वाढवा किंवा फेरे वाढवा. तिसरी वाट नाही.

आता दोन इंजिने शेजारी शेजारी ठेवू. एक आपल्या ओळखीची जुनी बुलेट. मद्रासेत १९५५ पासून जुळणी होऊ लागलेल्या या गाडीच्या ओतीव लोखंडी इंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९०, आकारमान ३४६ घनसेंटिमीटर आणि अश्वशक्ती १८, तीही सुमारे ५६०० फेऱ्यांवर. दुसरे इंजिन आपल्याच महाराष्ट्रातले. बजाज कंपनीने २००७ साली ऑस्ट्रियातील के.टी.एम. कंपनीत भाग घेतला आणि २०१३ पासून पुण्याजवळ चाकणला ३९० ड्यूक ही गाडी बांधून देशोदेशी पाठविली. तिच्या पहिल्या इंजिनाचा व्यास ८९ मिलिमीटर, धाव ६०, आकारमान ३७३ घनसेंटिमीटर. २०२३ पासून ड्यूकमध्ये त्याची जागा मोठ्या इंजिनाने घेतली आहे. आकाराने ते बुलेटहून जेमतेम शेकडा आठ मोठे. पण अश्वशक्ती सुमारे ४३, नऊ हजार फेऱ्यांच्या घरात! हवा कोंबणारे यंत्र नाही, खास इंधन नाही. मग हे पंचवीस घोडे आले कोठून?

हिशेब मांडला की उत्तर मिळते. फेरे सुमारे एक पूर्णांक सहा दशांश पट. म्हणजे दहाला सोळा. आणि त्या फेऱ्यांवरचा जोर सुमारे दीडपट. या दोहोंचा गुणाकार अडीचच्या जरा खाली येतो, आणि अठराला तेवढ्याने गुणले की ४३ होतात. चमत्कार कोठेही नाही. प्रश्न इतकाच, की फेरे कसे वाढले आणि जोर कसा टिकला.

फेऱ्यांचे गुपित धावेत आहे. बुलेटचा दट्ट्या ५६०० फेऱ्यांवर सेकंदाला सरासरी सुमारे १७ मीटर धावतो. ड्यूकचा नऊ हजारांवर १८ मीटर. म्हणजे दट्ट्याची दगदग जवळजवळ सारखीच! धाव आखूड ठेवल्यामुळे तेवढ्याच वेगात फेरे अधिक बसले. उलट बुलेटलाच नऊ हजारांवर फिरविले तर दट्ट्याला सेकंदाला २७ मीटर धावावे लागेल. आणि दर फेऱ्याला थांबून उलटे फिरण्याचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, दीडपट फेऱ्यांना सव्वादोनपट ताण. तो ताण कनेक्टिंग रॉड सोसतो. आणि सोसवला नाही, की इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

जोर टिकण्याचे गुपित श्वासात आहे. शिडाच्या होडीला वारा असेल तेवढाच मिळतो. तसे या इंजिनाला आकाश ढकलील तेवढीच हवा मिळते. नऊ हजार फेऱ्यांवर श्वास घ्यायला सेकंदाचा तीनशेवा भाग मिळतो. तेवढ्यात ३७३ घनसेंटिमीटर हवा, म्हणजे अर्धा ग्रॅमही नव्हे, आत आली पाहिजे. म्हणून व्यास मोठा, की दोनाऐवजी चार झडपा बसतील. म्हणून झडपांच्या कॅम डोक्यावर, की मधल्या लांब सळ्या नकोत. हवा आली तर तिच्या सुमारे चौदाव्या हिश्शाएवढे पेट्रोल जळते. हवा नसेल तर पेट्रोल ओतून उपयोग नाही. ते धूर होऊन जाते. आपल्या किनाऱ्यावर तर जूनच्या दमट हवेत शेकडा तीन-चार जागा वाफच अडवते. आंबोलीला चढा, तर सुमारे सातशे मीटर उंचीवर हवेचा दाब शेकडा आठने उतरतो. हे नुकसान कोणताही मिस्त्री भरून देऊ शकत नाही.

आता येतो तो पंपावरच्या पेट्रोलाचा मुद्दा. आत आलेले मिश्रण जितके दाबून मग पेटवावे तितके काम अधिक मिळते. आठपट दाबले तर आदर्श इंजिनाची कार्यक्षमता शेकडा ५६, दहापट दाबले तर ६०, बारापट दाबले तर ६३. पाहा, दर पायरीला मिळकत घटत जाते. आणि धोका मात्र वाढत जातो. शिमग्यात होळी एका बाजूने पेटवली, की ज्वाळा क्रमाने पसरते. तशी ठिणगीपासून ज्वाळा सिलिंडरात पसरली पाहिजे. पण दाब फार झाला, की ज्वाळा पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण स्वतःच भडकते. दाबाची लाट धातूवर हातोड्यासारखी आपटते. तीच ती टकटक, ज्याला आपले मिस्त्री नॉकिंग म्हणतात. ती चालू राहिली तर दट्ट्याच्या माथ्यास भोक पडते.

या भडक्याला पेट्रोल किती दाद देत नाही, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक. आपल्याकडे साध्या पेट्रोलाचा हा अंक ९१ होता. आता शेकडा २० इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाचा ९५ आहे. काही शहरांत डिसेंबर २०२० पासून १०० अंकाचे पेट्रोलही मिळू लागले. पण लक्षात ठेवा, ऑक्टेन ही ताकद नव्हे, सहनशीलता आहे. ज्या इंजिनाला ती लागत नाही त्याला महाग पेट्रोल पाजणे म्हणजे निरोग्याला औषध देणे.

चाकणच्या त्या इंजिनाने ९१ अंकाच्या काळात साडेबारा पटीच्या घरातला दाब पेलला. कसा? पाण्याने थंड ठेवलेले हेड, आटोपशीर ज्वलनकक्ष, मोजून फवारलेले पेट्रोल, ठिणगीची वेळ क्षणाक्षणाला ठरविणारा संगणक. आणि फेरे इतके वेगवान, की भडकायला मिश्रणाला सवडच कमी. दाब एकट्याने वाढविला नव्हता. त्याच्याभोवतीचे सारे घर त्याच्यासाठी बांधले होते.

आणि आपण काय करतो? माझ्या ओळखीच्या एका मुलाने असेच हेड घासून घेतले. "एकच मिलिमीटर घेतला," म्हणाला. मी पाटी घेऊन हिशेब केला. ३७३ घनसेंटिमीटरला साडेबारापट दाबायचे तर वर उरणारी पोकळी ३२ घनसेंटिमीटरच्या थोडी वर. ८९ मिलिमीटर व्यासाचा एक मिलिमीटर म्हणजे सव्वासहा घनसेंटिमीटर. उरले सव्वीस. दाब साडेबारावरून पंधरापटीवर! बुलेटसारख्या अरुंद, लांब सिलिंडरात तोच मिलिमीटर आठपटीचा साडेआठ-पावणेनऊ करतो. एकाला चिमूटभर मीठ, तेच दुसऱ्याला मूठभर. त्या मुलाचे इंजिन घाटाच्या अर्ध्या वाटेवर बसले. सुदैवाने मागचा ट्रक वेळेत थांबला. दुरुस्तीला गेलेले पैसे त्याच्या आईने शेवग्याच्या शेंगा आणि कोकम विकून साठविले होते, हे मला नंतर कळले.

इथेनॉलविषयीही दोन शब्द. त्यात लिटरमागे उष्णता पेट्रोलाहून सुमारे एक-तृतीयांश कमी, आणि जळण्यास हवाही कमी लागते. संगणकाच्या गाड्या मिश्रण बऱ्याच अंशी सावरून घेतात. जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते. अशा गाडीचे जेट जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेवढे दिवस टाकीत पेट्रोल ठेवून इंजिन पडू दिले आणि त्यात पाणी फार शिरले, तर इथेनॉल पाण्यासह तळाशी बसते, आणि वर राहिलेल्या पेट्रोलाचा ऑक्टेन उतरतो. टाकी रिकामी करून ठेवणे शहाणपणाचे.

मग ताकद वाढवूच नये का? माझे म्हणणे तसे नाही. क्रम पाळा. आधी इंजिन निरोगी करा: झडपांची बैठक, दट्ट्याच्या कड्या, टॅपेटचे अंतर. मग श्वासाची वाट: स्वच्छ फिल्टर, घासून जुळविलेले पोर्ट. मग दाब, पोकळी मोजून, पंपावरचे पेट्रोल झेपेल इतकाच. आणि सर्वांत शेवटी कॅम. कारण अधिक उघडणारा कॅम नऊ हजारांवर घोडे देतो खरा, पण घाटात दुसऱ्या गिअरात तीन हजारांवर भरलेला श्वास परत सोडतो. वळणावर हवा असतो जोर. कागदावरचे घोडे तेथे उपयोगी पडत नाहीत. ब्रेकही विसरू नका: वेग दुप्पट, तर थांबविण्याची शक्ती चौपट. आणि गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाहीत. तेव्हा असे प्रयोग शर्यतीच्या बंद मैदानासाठी ठेवावेत.

चाकणचे इंजिन मला एवढेच सांगते, की पंपावरच्या साध्या पेट्रोलात ताकद भरपूर आहे. पण ती मर्यादा मोजणाऱ्यालाच मिळते. आपल्या मुलांच्या हातात पाना आहेच. त्याच्या शेजारी एक पाटी आणि पेन्सिल ठेवा. मग खुशाल इंजिन उघडू द्या.