प्लाझासमोरून माथेरानला



दादर पश्चिमेला प्लाझा थिएटरसमोर एक बाग आहे. 'प्लाझाला भेटू' असं ठरवणारी माणसं तिच्या कडेला वाट बघत उभी असतात. फुलबाजारातून निघालेल्या बायका कठड्यावर पिशवी टेकवून घटकाभर दम खातात. बागेचं नाव वीर कोतवाल उद्यान. ते रोज हजारो लोकांच्या डोळ्यांखालून जातं, पण हे कोतवाल कोण असं विचारलं की बहुतेक जण घुटमळतात. जुन्या काळचा कुणी पोलीस अधिकारी असेल, अशीही एखाद्याची समजूत असते. प्रत्यक्षात गोष्ट बरोब्बर उलटी आहे. हे कोतवाल पोलिसांच्या गोळीने गेले. आणि त्यांचा जन्म झाला माथेरानमध्ये.

मुंबईकराच्या मनात माथेरान म्हणजे लाल माती, घोडे, चिक्की आणि हातातली पिशवी पळवणारी माकडं. लग्नानंतरचे चार दिवस, शाळेची सहल, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेला हवापालट. या गावाने स्वातंत्र्यलढ्याला हुतात्मा दिला, हे त्या चित्रात कुठेच बसत नाही. बसत नाही याचंही कारण आहे. माथेरान उभंच राहिलं ते मुंबईच्या पैसेवाल्यांना उन्हाळ्यात थंडावा मिळावा म्हणून.

हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर, आजच्या रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात. माथ्यावरचं रान ते माथेरान, अशी नावाची सरळ फोड सांगतात. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट खालच्या चौक गावाकडून हा डोंगर चढले. वन ट्री हिलच्या अंगाने वर गेले आणि रामबागेच्या वाटेने उतरले. पुस्तकांत याला 'माथेरानचा शोध' म्हणतात. शोध हा शब्द जरा जपूनच घ्यावा. धनगर, ठाकर आणि कातकरी या डोंगराच्या अंगाखांद्यावर आधीपासूनच वावरत होते. साहेब ज्या वाटेने चढले, ती कुणाच्या तरी अनवाणी पायांनी पाडलेली होती. मॅलेट मात्र नुसते बघून परतले नाहीत. त्यांनी वर घर बांधलं आणि त्याचं नाव ठेवलं 'द बाईक'. ज्या गावात आज मोटारसायकलही नेता येत नाही, तिथल्या सगळ्यात जुन्या बंगल्याचं नाव बाईक असावं, ही गंमत मॅलेटसाहेबांच्या ध्यानीमनीही नसणार.

त्यांच्या मागोमाग मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर आले आणि गावाला सरकारी आश्रय मिळाला. हे एल्फिन्स्टन म्हणजे ज्यांचं नाव परळच्या रेल्वे स्टेशनला होतं तेच. २०१८ साली त्या स्टेशनचं प्रभादेवी झालं. साहेबाचं नाव मुंबईच्या स्टेशनवरून उतरलं, माथेरानच्या डोंगरावर मात्र साहेब-मडमांच्या नावांची अजून दाटी आहे: शार्लट लेक, लुईझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट.

खरी चालना दिली ती रेल्वेने. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि तीन वर्षांत कल्याणहून पुढे रूळ नेरळवरून पळसदरीपर्यंत पोहोचले. आता मुंबईतला माणूस सकाळी निघून दुपारच्या आत डोंगराच्या पायथ्याशी येऊ लागला. पण पुढचे दहा-अकरा किलोमीटर? ज्याच्या खिशात पैसे त्याला तट्टू किंवा पालखी, बाकीच्यांना पाय. पालखी म्हटली की ती खांद्यावर घेणारे आले. म्हणजे वरच्यांच्या विश्रांतीचं ओझं अगदी पहिल्या दिवसापासून खालच्यांच्या खांद्यावर होतं.

इथे गिरगावचा धागा येतो. चर्नी रोड स्टेशनजवळ सर आदमजी पीरभॉय यांच्या नावाचं सॅनिटोरियम आहे. आदमजी हे दाऊदी बोहरा समाजातले मुंबईचे बडे उद्योगपती. गरिबीतून वर आले, ब्रिटिश फौजेला तंबू पुरवून गडगंज झाले, धारावीत त्यांनी चामड्याचा मोठा कारखाना काढला. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांना माथेरानचं वेड. सांगतात, की एकदा नेरळला उतरल्यावर त्यांना वर जायला तट्टूही मिळेना आणि पालखीही मिळेना. तेव्हा ते तिथेच म्हणाले, आता वर जाईन तर स्वतःच्या गाडीतूनच. दंतकथेत तिखटमीठ किती ते सोडून द्या. १९०४ साली काम सुरू झालं, आदमजींनी सोळा लाख रुपये घातले आणि २२ मार्च १९०७ रोजी नेरळ-माथेरान गाडी धावली, हे मात्र पक्कं.

दोन फूट रुंदीचे रूळ, वीसेक किलोमीटरचा रस्ता. वीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर, असा सगळ्यात कठीण चढ. दार्जिलिंगची गाडी काही जागी मागेपुढे करत चढते. माथेरानची तसं करत नाही. डोंगराला घोड्याच्या नालासारखी वळणं घालत ती चढते. एवढ्या तीव्र वळणांवर साधं इंजिन रुळावरून उतरलं असतं, म्हणून पुढची-मागची चाकं वळणाबरोबर सरकतील अशी खास इंजिनं जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीकडून आणली. एकूण चार. त्यातलं एक आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि एक थेट इंग्लंडात जाऊन पोहोचलं आहे. वाटेत जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्टेशनं, मग अमन लॉज, मग माथेरान. बोगदा एकच, तोही इतका छोटा की त्याचं नाव पडलं 'वन किस टनेल'. अंधार किती वेळ टिकतो, याचं याहून नेमकं माप कुणी दिलं नसतं.

ही गाडी नाजूक प्रकृतीची. २६ जुलै २००५ च्या पावसाने रूळ वाहून गेले आणि ती २००७ पर्यंत बंद राहिली. २०१६ मध्ये पाठोपाठ दोनदा डबे घसरले, पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसाने परत मार्ग उखडला, तो सलग सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. एरवीही पावसाळ्याचे चार महिने नेरळपासूनची गाडी विश्रांती घेते, फक्त अमन लॉज ते माथेरान अशी शटल चालते. तरीसुद्धा कर्जत लोकल नेरळला थांबली, की शेजारच्या अरुंद रुळांकडे माना वळत नाहीत असं होत नाही.

वर गेल्यावर काय बघायचं? पॉइंटांची यादी तीसच्या पुढे जाते. ती संपवण्याच्या नादी लागणारा माणूस दुसऱ्या दिवशी पायाला तेल चोळत बसतो. सूर्योदय पॅनोरमावरून बघावा. समोर पेबचा किल्ला, खाली नेरळची घरं काडेपेट्यांएवढी. सूर्यास्ताला पॉर्क्युपाइनवर गर्दी होते, कारण तिथून सूर्य प्रबळगडामागे उतरताना दिसतो. लुईझा पॉइंटवर वारा असा लागतो, की बोलताना हात तोंडाशी धरावा लागतो. शार्लट लेक हे खरं तर गावाला पाणी देणारं तळं. त्याच्या काठी पिसरनाथाचं देऊळ आहे आणि तोच गावाचा देव. साहेबाने तळ्याला मडमेचं नाव दिलं, काठावरचा महादेव मात्र होता तिथेच राहिला.

मात्र सगळ्यात बघण्यासारखं, किंवा ऐकण्यासारखं म्हणू, ते वेगळंच आहे. माथेरानमध्ये हॉर्न ऐकू येत नाही. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे बरीच वर्षं रुग्णवाहिका आणि आगीचा बंब, एवढ्यांनाच मुभा होती. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं आणि जुन्या रिवाजाला कायद्याचा आधार मिळाला. झाडं इतकी दाट, की बाजारपेठेतला रस्ताही सावलीतून जातो. महाबळेश्वरचं किंवा लोणावळ्याचं आज जे झालं आहे ते बघता, ही बंदी टिकली हे माथेरानचं नशीबच.

पण ही शांतता कुणाच्या तरी छातीच्या भात्यावर चालत आली. दस्तुरीपासून गाव अडीच-तीन किलोमीटर. ज्याला चालवत नाही आणि घोड्यावरही बसवत नाही, त्याच्यासाठी हातरिक्षा असे. पुढे एक जण ओढायचा, मागून एक-दोघे ढकलायचे. उतारावर तेच लोक मागे रेलून गाडी धरून ठेवायचे, आणि ते काम ओढण्याहून अवघड. अशा रिक्षांचे ९४ परवाने होते. गावातल्या रिक्षावाल्यांनीच वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, की आम्हाला बॅटरीवरची रिक्षा द्या. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोग म्हणून परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ई-रिक्षा फिरू लागल्या. घोडेवाल्यांना धंदा बुडण्याची धास्ती. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले तर त्यांच्या घोड्यांचे पाय घसरतात, नाही बसवले तर पावसात लाल माती वाहून जाते. हाही वाद न्यायालयात गेला. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि ई-रिक्षा आधी या हातरिक्षावाल्यांनाच मिळाव्यात अशी दिशा दिली. एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ही प्रथा जावी म्हणून सगळ्यात आधी झगडले ते हातरिक्षा ओढणारेच. तिची 'जुन्या काळची गंमत' वाटायची ती रिक्षात बसणाऱ्यांना.

आता परत कोतवालांकडे येऊ, कारण ते याच खालच्या माथेरानचे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. १ डिसेंबर १९१२ चा जन्म, नाभिक समाजातलं गरिबीचं घर. बंगल्याबंगल्यांतून हवा खायला आलेल्या लोकांचं गाव आणि त्यांची सेवा करणाऱ्यांचं गाव, अशी दोन माथेरानं त्यांनी लहानपणापासून पाहिली असणार. ते शिकले, वकील झाले, आणि माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. साहेबांसाठी वसवलेल्या गावात नाभिकाचा मुलगा उपाध्यक्षाच्या खुर्चीवर, हे त्या काळात सोपं नव्हतं. पण त्यांचं लक्ष डोंगराच्या पायथ्याकडे. कर्जत भागातले शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्यात सावकाराच्या दारात धान्यासाठी उभे राहत आणि पीक आलं की दामदुपटीने फेडत. कोतवालांनी त्यांच्यासाठी धान्याची कोठी काढली, वाड्यापाड्यांवर शाळा चालवल्या. लोक त्यांना 'भाई' म्हणू लागले.

१९४२ चा ऑगस्ट आला. भाई भूमिगत झाले आणि त्यांचा 'आझाद दस्ता' उभा राहिला. त्यांनी नेम धरला तो थेट मुंबईच्या नाडीवर. १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातली वीज तारांवरून परळच्या केंद्रात येत होती, पुढे भिवपुरीचं वीजघरही सुरू झालं. लालबाग-परळच्या गिरण्या याच विजेवर फिरत. ज्या डोंगरांचं पाणी ही वीज देत होतं, त्यांच्याच कुशीतल्या पोरांनी रात्री जंगलातून जाऊन तारांचे लोखंडी मनोरे कापायला सुरुवात केली. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत अकरा मनोरे पाडले. मुंबईतले कारखाने अडखळले, रेल्वेला झळ पोहोचली. गिरणगावातला कामगार कधी हवा खायला माथेरानला गेला नव्हता. मे महिन्यात त्याला कोकणातलं नाहीतर घाटावरचं गाव गाठायचं असे. पण त्याच्या डोक्यावरचा दिवा आणि समोरचा माग अचानक थंडावला, तो माथेरानच्या एका तरुणामुळे.

सरकारने माग काढला. मुरबाडच्या बाजूला सिद्धगडाच्या दाट जंगलात दस्ता मुक्कामाला असल्याची खबर फुटली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी वेढा घातला. भाईंचे साथीदार, मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील आणि स्वतः भाई, दोघेही तिथेच गोळीबारात गेले. भाईंचं वय तेव्हा तीस वर्षं.

सिद्धगडाच्या जंगलात त्या दोघांचं स्मारक आहे. दर वर्षी २ जानेवारीला पहाटेच्या काळोखात आणि थंडीत लोक तिथे जमतात. आसपासच्या वाड्यांतली माणसं असतात, कर्जत-नेरळची असतात, मुंबईहून रात्रीच निघून आलेलीही असतात. त्याच वेळी दादरचा फुलबाजार दिव्यांच्या उजेडात भरत असतो. झेंडूच्या पाट्या उतरत असतात, आणि प्लाझासमोर पहिली बस येऊन थांबते.